औषधं लागू पडली नाहीत, आता ऑपरेशनच का?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या एक काकू, साठीच्या. कुलपाला किल्ली लावेपर्यंत लघवीला धीर नाही, कधी कपडेही ओले होतात. दोन औषधं झाली आणि कुणीतरी बोटॉक्स, म्हणजे स्नायू सैल करणारं इंजेक्शन, सुचवलं. "आता ऑपरेशनच का हो?" या धास्तीने त्या आल्या.

आधी औषधांचंच पाहिलं. सोलिफेनासिन त्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणून दहाच दिवसांत सोडलं होतं. एवढ्यात गुण कळत नाही, चार ते आठ आठवडे द्यावे लागतात. मिराबेग्रॉन मात्र दोन महिने नेमाने घेतलं, तरी फरक नव्हता. लघवीत जंतू नव्हते, साखर ठीक, सोनोग्राफीत लघवी मागे राहत नव्हती. मापाच्या भांड्याने तीन दिवस नोंद केली: दिवसाला 14 वेळा, दर वेळी जेमतेम 100 मिली. चहा पाच कप, शेवटचा रात्री नऊला! तो आधी बंद केला.

बोटॉक्सला चिरा नसतो. दुर्बिणीतून मूत्राशयाच्या स्नायूत 100 युनिट, साधारण 20 ठिकाणी टोचतात. दोन आठवड्यांत गुण येतो, सहा-नऊ महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. अडचण अशी की स्नायू जास्त सैलावला तर लघवी तुंबते. शंभरात सहाएक जणींना काही काळ स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. जंतुसंसर्गही वाढतो. म्हणून काकूंच्या हाती आधी नळीच दिली. संधिवाताने अंगठा मिटेना, नळी दोनदा निसटली. हे इंजेक्शननंतर कळलं असतं तर हाल झाले असते.

कमरेखालच्या मज्जातंतूजवळ हलका करंट देणारी तार बसवण्याचा उपाय टिकाऊ, पण महाग. त्यात आधी चाचणी घेतात आणि त्रास निम्म्याने कमी झाला तरच बॅटरी बसवतात.

काकूंनी घोट्याचा उपाय निवडला. घोट्याच्या आतल्या बाजूला मज्जातंतूजवळ बारीक सुई, 30 मिनिटं हलका करंट, आठवड्यातून एकदा, 12 वेळा. पेसमेकर असेल तर हा करत नाहीत. गुण सावकाश येतो. पाचव्या खेपेला "काही उपयोग नाही" म्हणून पुष्कळ बायका सोडतात, काकूही सोडणार होत्या. सुनेने नोंदवही दाखवली, रात्रीचं उठणं तीनवरून दोनवर आलं होतं.

बारा झाल्यावर दिवसाचा आकडा 9 झाला. आता महिन्यातून एकदा जातात. गुण ओसरला तर तारेची चाचणी करायची, असं त्यांच्या डॉक्टरांशी आत्ताच ठरलं आहे.