ओप्पा म्हणजे दादा? मग नायिकेचं प्रेम कुणावर?

प्रश्न असा आला आहे: "कोरियन मालिकांत नायिका प्रियकराला 'ओप्पा' म्हणते. ओप्पा म्हणजे थोरला भाऊ असं वाचलं. मग ती त्याला भाऊ मानते की आणखी कुणी? माझा अंदाज दोनदा चुकला. दुसरं म्हणजे मध्येच ती दोघं 'आता मोकळं बोलूया का' असं विचारतात आणि मागणी घातल्यासारखी लाजतात. हे नेमकं काय असतं? मराठीत याला शब्द आहे का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. शब्द आहे, पण आपण तो भांडणासाठी राखून ठेवला आहे. त्याकडे नंतर येऊ.

ओप्पा हा शब्द मुलगी किंवा बाई आपल्याहून वयाने मोठ्या भावाला वापरते. मुलगा थोरल्या भावाला ओप्पा म्हणत नाही, तो 'ह्यंग' म्हणतो. थोरल्या बहिणीचंही तसंच: मुलगी तिला 'अन्नी' म्हणते, मुलगा 'नूना'. आपल्याकडे दादाला कुणीही हाक मारली तरी तो दादाच. कोरियन शब्दात मात्र हाक मारणाराही दडलेला असतो. 'ओप्पा' एवढं कानावर पडलं की बोलणारी स्त्री आहे, समोरचा पुरुष आहे, तो मोठा आहे आणि दोघांची बऱ्यापैकी जवळीक आहे, इतकं न बघता कळतं. हा समोरचा सख्खा भाऊ असेल, मावसभाऊ असेल, मैत्रिणीचा भाऊ असेल, आवडता गायक असेल किंवा प्रियकर असेल. कचेरीतला वरिष्ठ मात्र सहसा ओप्पा नसतो, तो 'सन्बे' असतो. म्हणूनच सन्बेचा ओप्पा झाला की मालिकेचा एक अख्खा भाग त्यावर निघतो.

आपला अंदाज का चुकतो? कारण मराठीत 'दादा' म्हणणं ही बऱ्याचदा नकार देण्याची रीत आहे. कॉलेजात एखादा मुलगा फारच मागे लागला की रक्षाबंधनाच्या दिवशी त्याच्या हातात राखी पडायची, आणि विषय संपायचा. "तिने त्याला दादा करून टाकलं" या वाक्यावर आपण हसतो ते त्याच्या फजितीला. हाच कान घेऊन आपण कोरियन मालिका बघायला बसलो, की नायिकेच्या पहिल्या 'ओप्पा'ला वाटतं, गेला बिचारा! प्रत्यक्षात तिथूनच त्याचं नशीब उघडायला लागलेलं असतं.

आणि यात कोरियन लोक जगावेगळे नाहीत. व्हिएतनामीत प्रियकर 'आन्ह' असतो, म्हणजे मोठा भाऊ, आणि प्रेयसी 'एम', म्हणजे धाकटं भावंड. 'मी' आणि 'तू' यांच्या जागी हेच शब्द येतात. थाई मालिकांत वयाने लहान असलेली व्यक्ती जोडीदाराला 'फी' म्हणते, तोही थोरल्या भावंडाचाच शब्द. जावामध्ये बायको नवऱ्याला 'मास' म्हणते, त्याचाही मूळ अर्थ दादा. आशियाच्या त्या टोकाला भावंडांचे शब्द वयाचा आणि मायेचा हिशेब सांगतात, रक्ताचा नव्हे. राखीची भीती आपली आहे.

तरीही कोरियन प्रेक्षक या शब्दाला कधीच फसत नाही असं समजू नका. 'रिप्लाय १९९४' ही २०१३ची मालिका घ्या. सोलच्या शिनचोन भागात खाणावळवजा वसतिगृह चालवणारं कुटुंब, त्यांची मुलगी ना-जंग, आणि घरातच वावरणारा एक अघळपघळ वैद्यकीय विद्यार्थी. त्याचं टोपणनाव 'कचरा'. ती त्याला ओप्पा म्हणते, लाथाबुक्क्या चालतात, एकमेकांच्या ताटातलं खाणं चालतं. बघणाऱ्याला ही सख्खी बहीणभावंडं वाटतात. मग कळतं, तो तिच्या वारलेल्या भावाचा मित्र. लेखिकेने या शब्दाच्या दोन्ही अर्थांवर मुद्दाम पाय ठेवला आहे, आणि ना-जंगचीही अडचण तीच आहे: लहानपणापासून ज्या हाकेने बोलावलं, तिच्यातला भाव बदलला हे त्याला कळणार कसं? हाक तर तीच आहे.

याच्या उलट बाजूचं उदाहरण २०१८चं. इंग्रजीत 'समथिंग इन द रेन' अशा पावसाळी नावाने गेलेल्या मालिकेचं कोरियन नाव शब्दशः 'छान जेवू घालणारी देखणी नूना' असं आहे. नायिका वयाने मोठी, नायक तिच्या मैत्रिणीचा धाकटा भाऊ. अख्खं कथानक त्या एका 'नूना'त आहे: लोक काय म्हणतील, घरचे का बिथरतील, जेवणाचं बिल ती का देते (मोठ्याने द्यायचं असतं म्हणून). इंग्रजी नावात यातला फक्त पाऊस उरला. आता मराठीत 'देखणी ताई' करून बघा. नाही ना जमत? मलाही नाही जमत. अशा वेळी माझं मत सरळ आहे: नूना नूनाच ठेवावी, ओप्पा ओप्पाच. 'दादा' घातलात तर पहिल्याच भागात राखी बांधून मोकळे व्हाल.

जाता जाता 'चिन्गू' या शब्दाबद्दल एक सावधगिरी. उपशीर्षकांत तो 'मित्र' म्हणून येतो, पण कोरियन माणूस तो शब्द प्रामुख्याने समवयस्कासाठी वापरतो. त्यामुळे नव्या ओळखीत "तुमचं जन्मसाल कोणतं?" हा प्रश्न येतो तो भोचकपणाने नव्हे, कुणी कुणाला काय म्हणायचं ते ठरवायचं असतं. "आपण काही चिन्गू नाही" याचा अर्थ पुष्कळदा मैत्री तुटली असा नसून "मी तुझ्याहून मोठा आहे, जरा बेताने" एवढाच असतो. इंग्रजी वाचणारा उगाच हळहळतो.

आता ते 'मोकळं बोलणं'. कोरियनमध्ये आदराच्या बोलण्याला 'जोन्देन्माल' म्हणतात आणि बिनआदराच्या बोलण्याला 'बानमाल'. 'माल' म्हणजे बोली, 'बान' म्हणजे अर्धं. हा फरक मुख्यतः क्रियापदाच्या शेपटीला असतो. 'वास्सॉयो?' म्हणजे 'आलात?', आणि 'वास्सॉ?' म्हणजे 'आलास?'. शेवटचा 'यो' गेला की अंतर गेलं. आणि ते घालवायचं तर कोरियन म्हणतो 'बोलणं सोडूया' किंवा 'बोलणं खाली ठेवूया', जणू दोघांनी इतका वेळ हातात जड काही धरलं होतं.

इथे आमच्या घरची गोष्ट सांगतो. भाची सुट्टीला आली की दिवाणखान्याचा टीव्ही तिच्या ताब्यात, आणि आई शेजारी निवडणं-टिपणं घेऊन बसलेली. आईला इंग्रजी उपशीर्षकं भराभर वाचता येत नाहीत, ती नुसती ऐकते. एका संध्याकाळी गवार मोडता मोडता म्हणाली, "अगं, हा आता 'यो' नाही लावत तिला." भाची म्हणाली, "कसलं यो?" आई म्हणाली, "आधी प्रत्येक वाक्याला यो, यो करत होता. आता गाळला. जमलंय यांचं." भाचीने मागे नेऊन पाहिलं. उपशीर्षकांत आधीही 'यू' होतं आणि नंतरही 'यू'. नायकाने तिला 'जेवलीस का?' विचारलं होतं. त्याआधी चार भाग तो 'जेवलात का?' विचारत होता. इंग्रजीत दोन्ही वाक्यं तंतोतंत सारखी. भाचीला नायकाच्या मनात काय आहे हे कळायला पुढचा पाऊस आणि छत्री लागली. आईला गवार मोडेपर्यंत कळलं.

मराठी कानाला हे सहज पकडता येतं, कारण आपणही अर्धं मन क्रियापदात ठेवतो. सून सासूला 'आई' म्हणते आणि माहेरच्या आईलाही 'आई'च, पण एकीला 'तुम्ही बसा' आणि दुसरीला 'तू बस'. पोरगं रात्री बाराला घरी आलं की एरवी अरे-तुरे करणारी आई दारात म्हणते, "या! आलात? मिळाला साहेबांना वेळ?" हा आदर नसतो हे कुणालाही सांगावं लागत नाही. कोरियन मालिकेत जोडप्याचं बिनसलं की तिच्या तोंडी 'यो' परत येतो तो याच जातीचा. इंग्रजीवर विसंबलेला प्रेक्षक म्हणतो, ती किती शांतपणे बोलतेय. शांतपणे कसली, तिने त्याला दाराबाहेर उभं केलंय.

आता प्रश्नकर्त्याने मागितलेला शब्द. आपल्याकडे 'अहो-जाहो' आणि 'अरे-तुरे' ही जोडी आहे, व्याकरणात 'आदरार्थी बहुवचन' आणि 'एकेरी' आहे. बानमालला 'एकेरी' हा अगदी चपखल शब्द. गोची होते ती क्रियापदाशी. 'एकेरीत बोलणं' चालतं, पण 'एकेरीवर येणं' म्हटलं की सभेत खुर्च्या उडालेल्या दिसतात. प्रेमाने एकेरीवर येण्याला आपण क्रियापदच केलं नाही. आपण करतो काय, तर थेट उदाहरण देतो: "अहो काय, अरे म्हण ना." किंवा, "ते तुम्ही-बिम्ही राहू दे आता." मला विचाराल तर कोरियन वाक्याचं मराठी हेच. 'आपण औपचारिकता सोडूया' असं जो कुणी लिहील त्याने एकदा तरी ते वाक्य कुणाला प्रत्यक्ष म्हणून बघावं.

शेपटीतून आणि हाकेतून काहीच सुगावा लागला नाही तर प्रेक्षकांचं काय होतं, याचा नमुना 'रिप्लाय १९८८'. २०१५च्या नोव्हेंबरात सुरू होऊन २०१६च्या जानेवारीत संपलेल्या या मालिकेत सोलच्या सांगमुन-दोंगमधल्या गल्लीतली पाच मुलं एकाच वयाची. सगळे चिन्गू, सगळं बोलणं एकेरी. त्यांतली एकुलती मुलगी दक-सन पुढे बाकीच्यांतल्या कुणाशी लग्न करते हे गुलदस्त्यात. मग बघणाऱ्यांनी नजरा, छत्र्या, हातमोजे यांचा कीस पाडला आणि दोन तट पडले. त्यांची नावंही भाषेचा नमुना आहेत: 'ऑनाम्न्यू', म्हणजे 'काही झालं तरी नवरा र्यू' (र्यू जुन-यल हा नट) याचं लघुरूप, आणि त्याविरुद्ध 'ऑनामथेक', म्हणजे 'काही झालं तरी नवरा थेक' (थेक हे मालिकेतल्याच एका मुलाचं नाव). शेवटी थेक जिंकला आणि पहिला तट लेखिकेवर कितीतरी दिवस रुसून होता. त्याच गल्लीत दक-सनच्या थोरल्या बहिणीवर जीव लावणारा सन-वू मात्र तिला 'नूना' म्हणतो, आणि तिथे भाषा भरपूर बोलते. माझं तर लक्ष त्या जोडीकडेच जास्त होतं.

हाकेमागे हेतू कसा लपतो हे बघायचं तर 'स्क्विड गेम' (२०२१), हरणाऱ्याचा जीव जातो अशा खेळांची मालिका. मी-न्यो नावाची बाई दक-सू या गुंडाला ओप्पा म्हणते. इंग्रजीत त्याचं कुठे 'ओल्ड मॅन', कुठे 'बेब' झालं, आणि त्यावर कोरियन जाणणाऱ्यांनी टीकाही केली. तिला त्याचं संरक्षण हवं आहे. ती लाडाची हाक म्हणजे लाच आहे. इथे, आणि फक्त इथेच, मी 'दादा' वापरायला तयार आहे, कारण मराठीत गुंडालाही दादाच म्हणतात.

त्याच मालिकेतला अली आठवतो. हे पाकिस्तानी मजुराचं काम दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने केलं आहे. तो सगळ्यांशी, विशेषतः शिकल्या-सवरल्या सांग-वूशी, 'साजांगनिम' म्हणून बोलतो. साजांगनिम म्हणजे मालक, शेठ. मालकाने मजुरी बुडवलेल्या माणसाच्या जिभेवर हाच शब्द बसलेला असावा यात त्याचं सगळं कोरियातलं आयुष्य आलं. सांग-वू त्याला सांगतो, शेठ नको म्हणू, ह्यंग म्हण. अली भारावतो, परक्या देशात कुणीतरी त्याला धाकटा भाऊ केलेलं असतं. पुढे गोट्यांच्या खेळात सांग-वू त्याला फसवून मरणाच्या दारी सोडतो, आणि अली ह्यंगला हाका मारत शोधत राहतो. इंग्रजी उपशीर्षकांत 'सर'चा 'सांग-वू' झाला असं वाचून हे पोचत नाही. 'शेठ'चा 'भाऊ' झाला म्हटलं की पोचतं, आणि मग घास गिळवत नाही.

राहता राहिला 'यबो'. मुरलेली जोडपी एकमेकांना या शब्दाने बोलावतात, आणि उपशीर्षकांत तो 'डार्लिंग' होऊन येतो. त्याची व्युत्पत्ती 'यगी बोओ' अशी सांगतात, म्हणजे 'इकडे पाहा'. फोनवरचं 'यबोसेयो' त्याचंच भावंड. नाव घ्यायचं नाही, 'तू' म्हणायचं नाही, फक्त लक्ष वेधायचं. मी हे मोठ्या उत्साहाने आईला सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं आणि आत बाबांना हाक मारली, "अहो, ऐकलंत का!"