फाइल उघडते, पण सेव्ह होत नाही

प्रश्न : आमची केळी खरेदीची पेढी आहे. पावत्यांचं जुनं सॉफ्टवेअर विंडोज ११ च्या नव्या कॉम्प्युटरवर टाकलं. माझ्या लॉगिनमध्ये 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलं की चालतं. दिवाणजींच्या लॉगिनमध्ये पावती सेव्ह करताना 'ॲक्सेस डिनाइड' येतं. फोल्डरवरची 'रीड ओन्ली'ची खूण काढली तरी परत येते. सगळ्यांना 'फुल कंट्रोल' देऊन टाकू का?
— एक वाचक, रावेर

उत्तर : देऊ नका. आणि त्या खुणेच्या मागेही लागू नका; फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये तो भरलेला चौकोन नेहमीच दिसतो, परवानगीशी त्याचा संबंध नाही.

तुमचं सॉफ्टवेअर बहुधा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये बसलंय आणि डेटाही तिथेच लिहू पाहतंय. तिथल्या फाइली साध्या युजरला वाचता येतात, चालवता येतात. बदलता येत नाहीत.

आधी सॉफ्टवेअर बंद करून डेटाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. सेटिंगमध्ये डेटाची जागा बदलता येत असेल तर सी किंवा डी ड्राइव्हवर थेट नवा फोल्डर करा, डेटा तिथे कॉपी करा आणि सॉफ्टवेअरला ती जागा दाखवा. कॉपीला नव्या फोल्डरच्या, म्हणजे साध्या युजरलाही लिहू देणाऱ्या, परवानग्या लागू होतात, म्हणून हाच उत्तम उपाय.

जागा बदलता येत नसेल तर फक्त डेटाच्या फोल्डरवर राइट क्लिक करा. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. यादीतलं 'युजर्स' निवडून 'अलाउ'खाली 'मॉडिफाय'वर टिक करा. 'फुल कंट्रोल'मध्ये परवानग्या बदलण्याचा हक्कही जातो, तो दिवाणजींच्या कामाचा नाही. संपूर्ण सॉफ्टवेअरच्या फोल्डरला ही मोकळीक दिली, तर एखादा व्हायरस मूळ प्रोग्रॅमच बदलू शकतो. 'डिनाय'च्या रकान्याला हात लावू नका: 'युजर्स'मध्ये तुम्हीही येता आणि नकार परवानगीवर मात करतो.

एक महत्त्वाचं. दिवाणजींच्या लॉगिनमधून पूर्वी सेव्ह झालेल्या पावत्या तुमच्याकडे दिसत नसतील, तर त्यांच्या युजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर असं आत जाऊन पाहा. जुन्या ३२ बिट सॉफ्टवेअरचं लिखाण विंडोज कधी कधी न सांगता तिकडे वळवतं. तिथे फाइल सापडली तर आधी तिची प्रत घ्या.

प्रश्न : मिरचीच्या गाळ्यातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर केलेला फोल्डर उघडतो, पण त्यात काही लिहिता येत नाही.
— एक वाचक, नंदुरबार

उत्तर : शेअरिंगची आणि सिक्युरिटीची परवानगी वेगवेगळी असते, दोन्हींतली जी कडक, ती लागू होते. 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग'मधून शेअर करताना मुळात फक्त 'रीड' असतं. तिथेच 'परमिशन्स'मध्ये 'चेंज' द्या, मग सिक्युरिटीत त्याच युजरला 'मॉडिफाय' आहे का तपासा.