वाचकांचे प्रश्न : शेलचा बग की स्क्रिप्टची चूक?

प्रश्न : बॅश या शेलमध्ये (टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) फाइलच्या ओळी मोजायला फाइल छापणाऱ्या 'कॅट' कमांडचा आउटपुट पाइपने (एका कमांडचा आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीने) एकेक ओळ वाचणाऱ्या 'व्हाइल रीड' लूपला दिला. लूपमध्ये मोजणी ७ पर्यंत जाते, लूप संपला की व्हेरिएबल पुन्हा ०. झेड-शेल या दुसऱ्या शेलमध्ये तीच स्क्रिप्ट ७ दाखवते. बॅशचा हा बग कळवू का?

उत्तर : कळवू नका, हा बग नाही. बॅश पाइपमधली प्रत्येक कमांड वेगळ्या सबशेलमध्ये (शेलने सुरू केलेल्या दुय्यम शेलमध्ये) चालवतो. त्या सबशेलकडे तुमच्या व्हेरिएबलची प्रत असते. ७ झाले ते त्या प्रतीत, आणि लूपबरोबर तीही गेली. झेड-शेल आणि कॉर्न शेल शेवटची कमांड चालू शेलमध्येच चालवतात. शेलने कसे वागावे हे सांगणाऱ्या पॉझिक्स मानकाला दोन्ही पद्धती चालतात. पाइप काढून टाका. लूप संपवणाऱ्या 'डन'पुढे '<' आणि फाइलचे नाव लिहा. बॅश ४.२ पासून शेवटची कमांड चालू शेलमध्ये चालवायला लावणारे 'शॉप्ट -एस लास्टपाइप'ही आहे, पण ते जॉब कंट्रोल (चालू कमांड थांबवण्याची, मागे चालवण्याची सोय) बंद असतानाच लागू होते. स्क्रिप्टमध्ये ते बंदच असते, टर्मिनलवर चालू, म्हणून तिथे करून पाहिले तर ० च येईल.

प्रश्न : मग खरा बग कसा कळवायचा?

उत्तर : आधी 'एन्व्ह -आय बॅश --नोप्रोफाइल --नोआरसी' असा कोरा शेल उघडा. दोष एखाद्या जुन्या एलिअसचा (कमांडला दिलेल्या टोपणनावाचा) किंवा एक्स्पोर्ट केलेल्या फंक्शनचा असेल, तर तो इथे दिसणार नाही. इथेही दिसला, तर स्क्रिप्ट छाटत जा: एकही ओळ काढली तरी बग नाहीसा होईल, इतकी. मग बग कळवण्यासाठीचा 'बॅशबग' हा प्रोग्राम चालवा. व्हर्जन, पॅच (दुरुस्ती) लेव्हल, मशीन, कंपायलर हे सगळे तो स्वतः भरतो. तुमचे काम बग पुन्हा कसा घडवायचा हे लिहायच्या रकान्यात आहे. तिथे कमांड अवतरणचिन्हांसकट जशीच्या तशी द्या. मिळालेला आउटपुट आणि अपेक्षित आउटपुट वेगवेगळे लिहा. नुसते 'चालत नाही' वाचून कोणालाही बग शोधता येत नाही.

बगमुळे बाहेरून आलेला मजकूर कमांड म्हणून चालत असेल, तर मात्र चारचौघांत लिहू नका. बॅशची देखभाल करणाऱ्यांना खासगीत कळवा.

दुरुस्ती स्वतः करणार असाल, तर २०१४ चा शेलशॉक हा बॅशमधला सुरक्षा-दोष आठवा. एन्व्हायर्नमेंटमधल्या (प्रोग्रामला बाहेरून मिळणाऱ्या व्हेरिएबल्समधल्या) फंक्शनच्या व्याख्येमागे जोडलेल्या कमांड बॅश चालवत होता. पहिल्या पॅचने त्या थांबल्या, पण कोणत्याही व्हेरिएबलचा मजकूर पार्सरपर्यंत (कोड वाचून त्याचा अर्थ लावणाऱ्या भागापर्यंत) पोहोचतच राहिला आणि आणखी पॅच काढावे लागले. फंक्शनसाठी व्हेरिएबलच्या नावाचा वेगळा साचा ठरवला, तेव्हा ती वाट बंद झाली. एक दुरुस्ती पुरेलच असे नाही, म्हणून पॅचबरोबर बग दाखवणारी चाचणी बॅशच्या सोर्स कोडमधल्या 'टेस्ट्स' डिरेक्टरीत घाला, 'मेक टेस्ट्स' चालवा आणि छापून आलेला प्रत्येक फरक वाचा.