छोट्या क्लबच्या सपोर्टरला कसली आशा असते?

तुम्ही विचारलंय की फुटबॉलच्या खालच्या डिव्हिजनमधल्या टीमला सपोर्ट करणाऱ्या माणसाला तिच्या भविष्याबद्दल खरंच काही आशा असते का नुसती सवय म्हणून मॅचला जात राहतो. असते हो, भरपूर असते, फक्त आम्ही सगळे प्रमोशनची, म्हणजे वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्याची वाट बघत बसलोय असं जे बाहेरच्यांना वाटतं ते माझ्या बाबतीत तरी खरं नाही. प्रमोशन मिळालं तर मी नाचेनच, पण माझ्या यादीत ते तिसरं-चौथं येतं आणि हे बोललं की स्टँडमध्ये शेजारी बसणारे माझ्यावर वैतागतात.

पहिलं म्हणजे ग्राउंड. ते क्लबच्या नावावर असावं, किंवा निदान सपोर्टरांच्या ट्रस्टच्या नावावर, आणि कुणाही मालकाला ते गहाण टाकता येऊ नये. आमचा क्लब भाड्याच्या ग्राउंडवर खेळतो त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा जास्तच बोलतो. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं तसं आमचं, साधं छत वाढवायचं म्हटलं तरी आधी लीज किती वर्षं उरलीय ते बघा आणि मग कोण पैसे घालणार. आणि तिकडे टीम जिंकत असेल तर हे प्रश्न कुणी विचारतच नाही, हा त्यातला सगळ्यात वाईट भाग.

बरी (Bury) नावाच्या क्लबचं उदाहरण घ्या. इंग्लंडमधला 1885 सालचा क्लब, 1900 आणि 1903 मध्ये एफए कप, म्हणजे तिथली लहान-मोठ्या सगळ्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा, जिंकलेला. 2019 च्या वसंतात त्यांनी प्रमोशन मिळवलं, लोक मैदानात उतरून नाचले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लीगने त्यांना काढून टाकलं कारण क्लब चालवायला पैसे आहेत हेच मालकाला दाखवता आलं नाही. म्हणजे पॉइंट टेबलात वर आणि हिशोबात बुडालेले, दोन्ही एकाच वेळी. तेव्हापासून कुणी मला म्हणालं की यंदा आपण टॉप थ्रीमध्ये आहोत तर माझ्या तोंडून आपोआप निघतं की पगार वेळेवर होतायत ना.

आता आमच्यातला एक मोठा गट म्हणतो की कुणीतरी श्रीमंत माणूस यावा आणि क्लब विकत घ्यावा, बस्स. मला त्यांचं म्हणणं कळतं, हरून हरून माणूस कंटाळतो. पण डार्लिंग्टन या इंग्लिश क्लबला असाच एक आला होता, जेमतेम काही हजार प्रेक्षक येणाऱ्या क्लबसाठी त्याने 2003 मध्ये 25,000 खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं आणि काही महिन्यांतच क्लब कर्जापायी प्रशासकाच्या हातात गेला. श्रीमंत माणूस वाईटच असतो असं मी म्हणत नाही, काही जण फार मनापासून करतात, पण त्याचा मूड बदलला, धंदा बसला, तो गेला की मागे काय उरतं हे आधी विचारायला हवं ना?

याच्या उलटं लंडनच्या विम्बल्डन फुटबॉल क्लबचं. 2002 मध्ये त्यांचा क्लब उचलून सुमारे 90 किलोमीटर लांब मिल्टन कीन्स शहरात न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा सपोर्टरांनी स्वतःचा नवा क्लब काढला, सार्वजनिक मोकळ्या मैदानात ट्रायल घेऊन खेळाडू निवडले आणि वरून नवव्या डिव्हिजनपासून सुरुवात केली. 2011 ला ते परत फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे वरच्या चार डिव्हिजनमध्ये आले आणि 2020 च्या नोव्हेंबरमध्ये जुन्या ग्राउंडपासून अगदी जवळ स्वतःचं नवं स्टेडियम. मधे परत एकदा घसरले, मग 2025 ला परत वर आले. तर घसरण्याची मला भीती वाटत नाही, घसरलेला क्लब चढतो. ग्राउंड गेलं की चढायला फार वर्षं जातात.

दुसरी आशा पोरांबद्दल. गेले काही सीझन आमच्या टीममध्ये निम्मे खेळाडू मोठ्या क्लबांकडून लोनवर, म्हणजे थोड्या काळासाठी उसने आलेले असतात, नावं पाठ होईपर्यंत सीझन संपतो आणि ते निघून जातात. मला आमच्याच ज्युनियर टीममधून वर आलेली तीन-चार पोरं अकरामध्ये बघायचीयत. आणि हे फक्त भावनेचं नाहीये, यात पैसे आहेत. फिफाचा नियम आहे की खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर झाली की रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वयात ज्या-ज्या क्लबांत शिकला त्यांना वाटले जातात. सोळाव्या वर्षापासून पुढे दर सीझनचा अर्धा टक्का, त्याआधी पाव टक्का. ऐकायला चिल्लर वाटते पण ट्रान्सफर मोठी असेल तर छोट्या क्लबचं वर्ष निघतं. शिवाय विकतानाच पुढच्या विक्रीत हिस्सा लिहून घेता येतो. इंग्लंडमधल्या एक्सेटर सिटी क्लबने तेच केलं. 2003 पासून तो क्लब सपोर्टरांच्या ट्रस्टच्या मालकीचा आहे, त्यांच्या अकॅडमीतला ऑली वॉटकिन्स 2017 मध्ये ब्रेंटफोर्डला गेला आणि 2020 मध्ये तो पुढे अॅस्टन व्हिलाला गेला तेव्हा एक्सेटरलाही वाटा मिळाला. 2024 च्या युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या सेमीफायनलला त्याने इंग्लंडकडून नेदरलँड्सविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला गोल मारला त्या रात्री एक्सेटरवाल्यांना काय वाटलं असेल! असलं काहीतरी मला एकदा अनुभवायचंय.

आणि हो, कप. इतकं सगळं हिशोबाचं बोलूनही कपचा ड्रॉ, म्हणजे कुणाची मॅच कुणाशी याची सोडत निघते तेव्हा मी पार वेडा होतो. एक्सेटर 2005 च्या जानेवारीत, लीगच्याही बाहेर असताना, मँचेस्टर युनायटेडशी त्यांच्याच ओल्ड ट्रॅफर्ड ग्राउंडवर 0-0 खेळून आले होते, बरोबरीमुळे परत झालेली मॅच (रीप्ले) हरले पण दोन मॅचच्या पैशांत कर्जाचं ओझं उतरलं. मला तसा एक ड्रॉ हवाय, लांबच्या मोठ्या ग्राउंडवर, आणि आमच्या गोलकीपरला आयुष्यातली सगळ्यात भारी मॅच लागू दे. जिंकणं वगैरे राहू द्या.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट होती की मग मोठ्या क्लबला का सपोर्ट करत नाही. करतात की लोक दोन्हीकडे, आमच्यातले बरेच जण टीव्हीवर मोठी टीम बघतात. पण तिथे माझ्या येण्या-न येण्याने काही हलत नाही. इथे ट्रस्टच्या मीटिंगला वीस माणसं कमी आली तर ठराव पास होत नाही. सध्या लीज वाढवायची बोलणी चालू आहेत आणि त्यात आम्ही अट घातलीय की ग्राउंड कधी विकायला काढलंच तर आधी क्लबला विचारायचं. ती अट कागदावर आली की मग प्रमोशनबद्दल विचारा, तेव्हा बहुतेक मीही टॉप थ्रीच्या गप्पा मारत असेन.