ट्रायथलॉनच्या ग्रुपवरचे टी-वन, ब्रिक, ड्राफ्टिंग हे शब्द कुणी समजावून सांगेल का?

तुम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहता, पहिल्यांदाच स्प्रिंट ट्रायथलॉनला नाव दिलंय आणि ग्रुपवरचं निम्मं बोलणं डोक्यावरून जातंय, असं लिहिलंय. मी नेरूळचा. हा खेळ मला फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी अंतरं उरकू. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. त्याच्या दुप्पट ऑलिम्पिक. २००० साली सिडनीला हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तो याच अंतरावर. ‘सेव्हंटी पॉइंट थ्री’ म्हणजे हाफ आयर्नमॅन, आयर्नमॅन या लांबलचक ट्रायथलॉनच्या निम्मी; हा आकडा म्हणजे तिच्या तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज.

पोहून आल्यापासून सायकल बाहेर काढेपर्यंत टी-वन, सायकल लावून धावायला लागेपर्यंत टी-टू. घड्याळ तेव्हाही चालूच असतं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय रॅकवरची सायकल काढायची नाही आणि ती परत रॅकला लावेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. बसायचं माउंट लाइन ओलांडून, उतरायचं डिसमाउंट लाइनच्या अलीकडे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टॉवेल अंथरून याची तालीम करा, तीही पाय ओले करून. ओल्या पायावर मोजा चढत नाही, टाचेपाशी अडकून बसतो. म्हणून तो आधीच अर्धा गुंडाळून, आत पावडर शिंपडून बुटात ठेवायचा. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर सोडलेले.

ब्रिक म्हणजे सायकलवरून उतरून लगेच धावायचा सराव. माझ्या मते नवख्याने बाकी काही टाळलं तरी हा टाळू नये. सायकलवर अंगाचा बराचसा भार सीटवर असतो. उतरल्यावर तो एकदम पायांवर येतो आणि सुरुवातीला पाय आपले वाटतच नाहीत. हे शर्यतीत पहिल्यांदा अनुभवलं की माणूस घाबरतो. तुम्हाला तर येऊरचा चढ जवळ आहे. सायकलने वर जाऊन खाली या आणि उपवन तलावाकाठी दहा-पंधरा मिनिटं सावकाश धावा. मी पहाटे, वाहनं वाढायच्या आत, पामबीच रोडवर हेच करतो. आठवड्यातून एकदा पुरतं.

पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वारा चुकवणं म्हणजे ड्राफ्टिंग. हौशी स्पर्धांत बहुतेक ठिकाणी त्याला मनाई असते. किती अंतर ठेवायचं ते स्पर्धेच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पोहताना मात्र दुसऱ्याच्या मागोमाग गेलेलं चालतं.

साइटिंगकडे मात्र दुर्लक्ष करू नका. तरणतलावाच्या तळाला रेघ असते, समुद्रात किंवा धरणात नसते. म्हणून दर काही हातांनी डोळे पाण्यावर काढून रंगीत बोया कुठे आहे ते बघायचं, नाहीतर माणूस भलतीकडेच जातो आणि अंतर वाढतं. तलावात प्रत्येक फेरीत दोनदा करून बघा.

डीएनएफ म्हणजे शर्यत अर्धवट सुटणं. कट-ऑफ म्हणजे टप्प्याटप्प्याची वेळमर्यादा, ती आयोजक ठरवतात. पोहण्याचा कट-ऑफ आजच बघून ठेवा आणि तेवढ्या वेळात ७५० मीटर न थांबता होतात का, ते या आठवड्यात तलावात तपासा.