नाशिकला पहिल्यांदाच वाईन चाखायला जाताय?

जायचंच तर जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात धरा, तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू असते. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर झकास दिसतो, पण वेलीवर घड नसतात. आपल्याकडे फळछाटणीच, म्हणजे घड धरावेत म्हणून वेलीची छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. २६ जानेवारी तेवढी टाळा, ड्राय डे असतो.

१९९९ साली सुरू झालेली सुला आणि तिच्याजवळची यॉर्क, एवढ्या दोन वायनरी दिवसभराला पुष्कळ झाल्या. तिसरीकडे गेलात तर जिभेला काही कळत नाही, नुसती चढते.

चाखायचा क्रम महत्त्वाचा: आधी सोव्हिन्यों ब्लां, मग शेनिन ब्लां (या दोन्ही पांढऱ्या वाईन), नंतर लाल शिराझ, गोड वाईन सगळ्यात शेवटी. ग्लास दांडीला धरून फिरवा आणि घोट घ्यायच्या आधी नाक खुपसा. सोव्हिन्योंमध्ये कापलेल्या ढोबळी मिरचीचा किंवा पेरूचा वास येतोय का बघा. सापडला की त्या क्षणी लहान मुलासारखा आनंद होतो, खरंच! थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका.

सकाळी मिसळ हाणून मात्र जाऊ नका. मी गेलो होतो. पुढचा तासभर प्रत्येक वाईन तर्रीसारखीच लागली. मिसळ परतीच्या वाटेवर खा.

बाटल्या घेतल्यात तर उन्हात डिकीत ठेवू नका. माझी एक मार्चमध्ये दुपारभर तशीच राहिली आणि घरी उघडली तेव्हा शिजवलेल्या मनुकांसारखी लागली. बर्फाची पेटी सोबत न्या, आणि गाडी न पिणाऱ्याच्या हाती द्या.