हँडल काढलेलं दार, आणि बॅटरी बसली तर?

प्रश्न : जुनी २४ व्होल्टची बस घेऊन फिरतं घर करतोय. बाजूच्या दाराचं बाहेरचं हँडल काढून आत लपवलेला सोलेनॉइड (करंट मिळाला की दांडा ओढणारी चुंबकी कॉइल) आणि रिमोट बसवायचाय. बसमध्ये १२-१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडलेल्या आहेत, त्यातल्या एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले तर चालेल का?

उत्तर : नका घेऊ हो, त्या एका बॅटरीवर लोड येतो, ती अर्धवट चार्ज राहते, दुसरी ओव्हरचार्ज होऊन तिचं पाणी आटतं, शेवटी दोन्ही बाद. सरळ २४ व्होल्टचाच सोलेनॉइड घ्या, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि बॅटरीजवळ फ्यूज टाका. सोलेनॉइडला करंट क्षणभरच मिळाला पाहिजे, सतत राहिला तर कॉइल जळते. ओढ लॅचच्या (दार अडकवणाऱ्या खटक्याच्या) दांड्याच्या सरळ रेषेत हवी, तिरकी बसली की नुसता टक् आवाज येतो नि दार ढिम्म. आणि रबर बीडिंग (दाराच्या कडेची रबरी पट्टी) नवं असेल तर लॅच सुटूनही दार चिकटून बसतं, म्हणून चौकटीत स्प्रिंगचा ढकल्या लागतोच.

आता महत्त्वाचं, बॅटरी बसली तर आत कसं जाणार? सायकलच्या ब्रेकची केबल लॅचला बांधून खाली चॅसिसजवळ लपवा. आतलं हँडल मात्र अजिबात काढू नका, आग लागली तर रिमोट शोधत बसणार का? चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून हँडब्रेक ओढल्यावरच सर्किट चालू होईल असं वायरिंग करा. बॉडीतल्या बदलांसाठी आरटीओची परवानगी लागते, ती आधी घ्या.